व्यायाम : घरच्या साधनांनी



मी बँकेतला कारकून. खुर्चीत बसणाऱ्याने व्यायामावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण हिशोब मला येतो, आणि आज तोच मांडणार आहे.

परभणी, जिंतूर, गंगाखेडकडची आपली कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० व १०० मीटर धावणे आणि ७.२६० किलोचा गोळा. मुलींना ८०० व १०० मीटर धावणे आणि ४ किलोचा गोळा. यातले ३५ गुण नुसत्या धावण्याचे. धावायला रस्ता लागतो, जिम नव्हे. तरी बापाच्या मजुरीतून जिमची फी भरायचा हट्ट धरणारी मुले आहेतच.

उरले १५ गुण, ते ताकदीचे. स्नायूला वजन कळते, त्याची किंमत कळत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कोरडी वाळू लिटरला दीड किलोहून थोडी जास्त भरते. म्हणजे तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन वाळूने भरला की ८ किलोच्या आसपास. किराणा दुकानाच्या काट्यावर खात्री करा. आरंभी अर्धाच भरा, पंधरवड्याने थोडी थोडी वाळू वाढवा. तो छातीशी धरून बैठका मारा. सायकलची जुनी ट्यूब खांबाला अडकवून ओढली की पाठीला व्यायाम होतो. मात्र चिरलेली ट्यूब नको, तुटली तर तोंडावर बसते.

सुताराकडून मुद्गलांची जोडी करून घ्या. जुनाट म्हणून हसू नका. इंग्रजी फौजेने एकोणिसाव्या शतकात आपले मुद्गल उचलले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धा झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला हे सांगणे चेष्टाच होईल. ते आम्हा टेबलवाल्यांसाठी आहे, आणि जिमला पाठवायला ज्यांच्या घरचे तयार नसतात त्या मुलींसाठीही.

जिममध्ये चूक दाखवणारा असतो, एवढे मान्य केले पाहिजे. म्हणून घरी एकट्याने नको, जोडीने करा. रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि गोळा मात्र खराच हवा. दहाजणांत एक घेतला तरी पुरतो. तो संस्थेने घ्यावा, आणि भरती झालेल्या मुलांनी सुटीवर आले की तासभर शिकवावे, एवढी माझी सूचना आहे.