आजीला ठाऊक असलेला पुरावा

मी बोलतोय बुलडाणा जिल्ह्यातून, जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आदिवासी गावातून. "जंगल तुमचं, मग कागद कुठाय?" असं कुणी विचारलं की आमचं गाव गप्प बसायचं.

मग आम्ही २००६चा वनहक्क कायदा नीट वाचला. त्याचा नियम १३ सांगतो: सामूहिक दाव्यासाठी चराईची जागा, मोह वेचायची जागा, झरा, देवाचं झाड, मसणवटा हेही पुरावेच. फक्त एकावर भागत नाही, एकाहून जास्त लागतात.

आम्ही पोरं मोबाईल घेऊन निघालो खरं, पण वाट दाखवली आजीनं. आम्ही कधी न पाहिलेले झरे तिला पाठ! आम्ही जीपीएसवर खुणा केल्या, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेतले आणि सगळं ग्रामसभेत वाचून दाखवलं.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११मध्ये त्या गावानं स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला.

आमचा दावा अजून मंजूर व्हायचाय. झाला की जंगलात काय राखायचं, काय विकायचं, हे ग्रामसभा ठरवेल. तुमच्याही गावात असं जंगल असेल, तर आजी-आजोबा चालते-फिरते आहेत तोवर त्यांच्यासोबत एकदा फिरून या. फोन चार्ज करून न्या बरं का!