टॉवरचीही बेगमी



मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येतो. सुकी मासळी, कडधान्ये डब्यांत जातात. बाहेरचा पुरवठा तुटणार हे धरूनच घर चालवायचे, ही आपली जुनी रीत. या बेगमीत आज मी एक भर सुचवणार आहे, ती म्हणजे मोबाइल टॉवरच्या विजेची.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले आणि पाठोपाठ फोन मुके झाले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणकरांनीही तेच अनुभवले. गावी आईवडील सुखरूप आहेत ना, हे मुंबईच्या मुलांना कळेना.

वादळात काही ठिकाणी तारा तुटतात, हे खरे. पण धडधाकट उभा असलेला टॉवरही वीज संपली की गप्प होतो. वीज गेल्यावर तो आधी बॅटरीवर आणि मग डिझेल जनित्रावर चालतो. रस्त्यावर झाडे पडली तर सड्यावरच्या टॉवरपर्यंत डिझेल पोहोचणार कसे? मग भिस्त उरते बॅटरीवर. तिचे गणित सोपे आहे. सहा तास पुरणारी बॅटरी, टॉवरचा वीजखर्च निम्मा केला, तर सुमारे बारा तास पुरेल. म्हणजे विजेची बचत ही केवळ बिलाची गोष्ट नाही, ती संकटात संपर्क टिकवण्याची गोष्ट आहे.

ही बचत होते कुठे? रात्री दोन वाजता सारे गाव झोपलेले असते, तरी टॉवर संदेशलहरी सोडतच असतो. नवी यंत्रे अशा वेळी जादा वाहिन्या बंद ठेवतात, क्षणाक्षणाची डुलकीही घेतात. यंत्रे वातानुकूलित खोलीऐवजी उघड्यावर टिकणाऱ्या कपाटात बसवली, तर थंडाव्यावरचा खर्चही वाचतो. ग्रामीण भागातल्या निम्म्या टॉवरना २०१५ पर्यंत सौर वा तत्सम ऊर्जेची जोड द्यावी, असे केंद्राच्या दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये सांगितले होते. पण आपल्याकडे वादळ-पाऊस येतो तेव्हाच सूर्य दडी मारतो. म्हणून इथे सौरऊर्जेइतकीच काटकसरही महत्त्वाची.

थोडे आपल्याही हाती आहे. दहा वॅटचा वाय-फाय राउटर अखंड चालू राहिला तर वर्षाला सुमारे ८७ युनिट वीज खातो. गरज नसेल तर रात्री तो बंद करावा. दरीतल्या वाडीत सिग्नल क्षीण असला की फोनला जोर लावून बोलावे लागते आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. वादळात सिग्नल गेलाच, तर फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा आणि ठरावीक वेळाने उघडून पाहावा. सिग्नल मिळताच चित्रफिती पाठवण्याऐवजी ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढा लघुसंदेश धाडावा.

आणि एक प्रश्न पावसाळ्याआधी ग्रामसभेत जरूर विचारावा: ‘वीज गेली, तर आपल्या गावचा टॉवर किती तास चालेल?’ घरात तांदूळ किती दिवस पुरेल हे आपण विचारतोच ना? मग हेही विचारायला हवे.