दापोलीची विद्या, कोकणची बाग



विद्यापीठाची कीर्ती केवळ पदव्यांच्या संख्येवरून ठरत नाही. त्याच्या संशोधनाने लोकांची कोणती अडचण दूर केली, यावरून ती ठरते. १९७२ साली दापोली येथे स्थापन झालेले, डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाचे कोकण कृषी विद्यापीठ या कसोटीस उतरले आहे.

वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसमध्ये कापल्यावर साका निघतो आणि बागायतदाराच्या श्रमांचे मोल घटते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून साक्यापासून मुक्त अशी ‘रत्ना’ ही जात निर्माण झाली. १९८१ साली ती प्रसारित करण्यात आली. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीची ‘सिंधू’ आली.

आंब्याच्या संशोधनास पिढीचा धीर लागतो. त्याचे फळ गावोगाव पोचविणे मात्र शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या हाती आहे.