बिनव्याजी पैशाची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सभेत एका सभासदाने केलेले भाषण)



कमिटीने सांगितलं, "तुम्ही बँकेत होतात, पैशाबद्दल काहीतरी बोला." शेअर बाजारातलं मला फारसं कळत नाही, म्हणून चालू खात्याबद्दल बोलतो. आपल्यात ज्यांची दुकानं आहेत त्यांना ठाऊकच आहे, चालू खात्यावर व्याज मिळत नाही. आपल्याकडे हा रिझर्व्ह बँकेचा नियम. अमेरिकेत तर त्याचा कायदाच होता आणि तो 78 वर्षं टिकला.

1929 साली तिथला शेअर बाजार कोसळला, पाठोपाठ हजारो बँका बुडाल्या. जास्त व्याज देऊन ठेवी ओढायच्या आणि ते परवडावं म्हणून धोक्याची कर्जं द्यायची, यानेच बँका खड्ड्यात जातात, असं तेव्हाच्या अनेक लोकप्रतिनिधींना वाटलं. गावोगावच्या बँकांचा पैसा न्यूयॉर्कला जाऊन सट्ट्यात लागतो, हीही तक्रार होती. म्हणून 1933 च्या बँकिंग कायद्याने चेकच्या खात्यांवर व्याज द्यायला बंदी केली. त्याच कायद्याने ठेवींना विमाही आला.

पुढे व्याजदर वाढले, तशा मोठ्या कंपन्यांनी वाटा शोधल्या. संध्याकाळी शिल्लक रक्कम व्याजाच्या गुंतवणुकीत जायची, सकाळी परत खात्यात हजर! पण नाक्यावरच्या दुकानदाराला हे कोण करून देणार? त्याचा पैसा पडूनच. 1980 च्या कायद्याने सामान्य माणसाला व्याज देणारं चेकचं खातं देशभर मिळालं, पण धंद्याच्या खात्यावरची बंदी तशीच राहिली. ती उठवायची विधेयकं वारंवार आली. खर्च वाढेल म्हणून काही छोट्या बँकांचाच त्याला विरोध होता. अखेर 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने बंदी काढली आणि 21 जुलै 2011 पासून व्याजाची मुभा मिळाली. मुभा बरं का, सक्ती नाही. शिवाय तेव्हा तिथले व्याजदर शून्याच्या जवळ आलेले. ज्याने विचारलं नाही, त्याच्या पासबुकात काहीच बदललं नाही.

त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला आपल्या रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचे दर ठरवायची मोकळीक बँकांना दिली. म्हणजे इथेही आता विचारावं लागतं.

आता आपल्या घरचं बघू. समजा, सोसायटीचे 5 लाख वर्षभर बिनव्याजी पडून राहिले. 3 टक्क्यांनी धरले तरी 15,000 रुपये गेले. हा पैसा कमिटीचा नाही, तुमच्या-आमच्या मेंटेनन्सचा आहे. उद्या लिफ्ट बिघडली, गच्ची गळली, की वर्गणी काढायची वेळ येते तेव्हा हे 15,000 आठवतात.

पण 1933 ची भीतीही खोटी नव्हती. कोणी दोन टक्के जास्त देतो म्हटलं की लगेच धावू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

म्हणून खजिनदारसाहेबांना एक विनंती. दर वार्षिक सभेत एक कागद ठेवा: कुठल्या खात्यात किती, त्यावर व्याज किती, विमा किती. आणि सभासदांनो, तो कागद चहा यायच्या आधी वाचा!