बांधावरची बाभूळ आणि सुताराच्या घामाचा दाम
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कांद्याचे बोलून झाले, कापसाचे बोलून झाले. आता थोडा वेळ लाकडाचे बोलू.

तालुक्या-तालुक्यांच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. घरात दोन तरणी पोरे. नोकरी नाही, धंदा करावा तर भांडवल नाही. आंदोलन यशस्वी होऊन भाव मिळेल तेव्हा मिळेल, तोवर करायचे काय? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पण एक उत्तर आपल्या बांधावर उभे आहे आणि आपण ते जळणाच्या भावात विकतो आहोत.

बाभूळ घ्या. व्यापारी येतो, झाडाभोवती एक चक्कर मारतो, उक्ता आकडा सांगतो. झाड जाते. पुढे आपणच बाजारातून कुऱ्हाडीचा दांडा विकत आणतो. कापूस विकून कापड घ्यायचे, तूर विकून डाळ घ्यायची आणि लाकूड विकून दांडा घ्यायचा, ही एकच गोष्ट आहे. कच्चा माल आपला, किंमत दुसऱ्याची.

पैसा नाही, मग सुरुवात कशाने?

सुतारकाम म्हटले की पोरांच्या डोळ्यांसमोर यंत्रे येतात. मोठा आरा, विजेचा रंधा, पत्र्याची शेड. त्यापायी कर्ज आणि कर्जापायी हप्ता. आमचे सांगणे उलटे आहे. पहिल्या दिवशी लागते ती हत्यारे पिशवीत मावतात. एक करवत, एक रंधा, एक रुंद आणि एक अरुंद पटाशी, हातोडी, वाकस, गुण्या, करवतीचे दाते काढायला त्रिकोणी कानस आणि धारेचा दगड. गावोगावी जुन्या सुतारांच्या घरात अशी हत्यारे गंजून पडली आहेत. ती मागा, योग्य पैसे देऊन घ्या. जुने पोलाद चांगले असते, गंज घासून जातो. आणि सगळ्यांत आधी धार लावायला शिका. बोथट पटाशीने काम करणारा थकतो, लाकूड फाडतो आणि हातही कापून घेतो.

पहिले काम दुरुस्तीचे घ्या. खाटेचा मोडलेला पाय, दाराची निसटलेली बिजागरी, खुरप्याची मूठ, फावड्याचा दांडा. यात लाकूड बहुतेक गिऱ्हाइकाचेच असते, आपली फक्त मजुरी. म्हणजे भांडवल शून्य. दुसरे काम मागणीचे घ्या. लग्नासाठी चौरंग आणि पाट, घरासाठी मांडणी. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय करवत हातात धरायची नाही. त्या आगाऊ रकमेत लाकूड येते. आपल्या पैशाने माल करून बाजारात बसणे ही तिसरी पायरी आहे. ती पहिली केली की भांडवल अडकते आणि माल पडेल त्या भावात द्यावा लागतो. शेतमालाच्या बाबतीत हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

लाकूडही पीकच आहे

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून लाकडाकडेही पीक म्हणून बघतो. ओला कांदा चाळीत भरला तर सडतो. ओल्या लाकडाचा चौरंग केला तर दोन महिन्यांत सांधे उघडतात आणि गिऱ्हाईक तुटते. लाकडातली ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की ते आकसू लागते. तेही सगळीकडून सारखे नाही. वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून फळी वाकते. यावर उपाय साधा आहे. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचा. टोकांना शेणमाती किंवा डांबर लावा, नाहीतर तिथूनच भेगा पडतात. एक तुकडा बाजूला ठेवून दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले.

बाभळीचे आतले लालसर लाकूड कठीण आणि चिवट. गाडीची चाके आणि नांगर त्याचे होत ते उगाच नव्हे. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र किड्याचे खाद्य, कारण त्यात पिष्ट असते. जुने लोक बाभळीचे ओंडके डोहात, तळ्यात बुडवून ठेवत, त्यात हे पिष्ट धुऊन जाई. दांड्यासाठी लाकूड निवडताना तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले पाहा. करवतीने कापण्यापेक्षा पाचर मारून फोडलेले लाकूड बरे, ते तंतूंच्या बाजूनेच फुटते. दांड्याला कच्चे जवसाचे तेल पाजा. पण तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा.

औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांना आणखी एक साठा आहे. यंत्रांखाली येणाऱ्या लाकडी चौकटी, ज्यांना पॅलेट म्हणतात. मालकाला विचारून त्या स्वस्तात मिळतात आणि वाळलेल्या असतात. परदेशातून आलेल्या चौकटीवर शिक्का असतो. इंग्रजी ‘एचटी’ अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ते वापरा. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. त्याला हात लावू नका, ते चुलीतही घालू नका.

हिशेब: इथेच शेतकरी मरतो

आता मुख्य मुद्दा. समजा, एक जण दिवसात आठ दांडे करतो. लाकूड १६० रुपयांचे. तेल, कागद, हत्यारांची झीज ४० रुपये. बाजारात नेणे, बसणे १०० रुपये. आणि त्याची स्वतःची मजुरी, गावात दुसरीकडे गेला असता तर मिळाली असती ती, ५०० रुपये धरू. एकूण ८०० रुपये. म्हणजे एका दांड्याचा उत्पादन खर्च १०० रुपये. त्यात नफा अजून नाही.

दुकानदार म्हणतो, ६० रुपयांनी देतोस तर सगळे घेतो. पोरगा हिशेब करतो: आठ दांड्यांचे ४८० आले, लाकूड-तेलाचे २०० गेले, २८० उरले. खूश होतो. बाजाराचे १०० तो विसरला. ते धरले तर उरले १८०. पाचशेची मजुरी सोडून त्याने १८० रुपयांत दिवस घातला. याला धंदा म्हणत नाहीत. हे ३२० रुपयांचे दान आहे.

हा हिशेब आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. कृषी मूल्य आयोगाच्या खर्चात घरच्या माणसांच्या राबण्याचा वेगळा रकाना असतो. तो रकाना धरायचा की नाही आणि जमिनीचा खंड, भांडवलाचे व्याज त्यात घालायचे की नाही, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले आहे. आपल्या घामाच्या रकान्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो. तोच रकाना पोरगा स्वतःच्या वहीत कोरा ठेवणार असेल, तर त्याला लुटायला बाहेरचा कोणी लागत नाही. म्हणून शंभर पानी वही हे सुताराचे दहावे हत्यार समजा. रोज संध्याकाळी चार ओळी: किती तास, किती लाकूड, किती रोख, किती उधार.

आणि एक कडू गोष्ट. बारा बलुतेदारांत सुतार होता. सुगीला खळ्यावर यायचे, वाट्याचे धान्य न्यायचे आणि वर्षभर पडेल ते काम करायचे. नांगर एकदा मोडो की पाचदा, पेंढ्या तेवढ्याच. कामाला किंमत नव्हती, माणसाला वाटा होता. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारे आली, काम गेले आणि वाटाही गेला. कसब तेवढे म्हाताऱ्या हातांत शिल्लक आहे. आज शेतकऱ्याचे पोर ते कसब शिकायला जाईल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नये. रोजाचे पैसे ठरवून शिकावे, किंवा दोघांनी भागीत धंदा करावा. आपल्या घामाला दाम मागणाऱ्याने दारात आलेल्या सुताराशी पाच रुपयांसाठी घासाघीस करावी, हे चळवळीला शोभत नाही.

कायदा आणि कर्ज

झाड आपण लावायचे, वाढवायचे आणि तोडायला परवानगी मागायची, ही रीत आम्हाला मान्य नाही. तिच्याविरुद्ध लढत राहू. पण लढणे वेगळे आणि दंड भरणे वेगळे. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ चा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडू नका. यादीबाहेरच्या झाडाची तोड आणि वाहतूक यांना काय लागते, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बांबूचे एक बरे झाले. २०१७ साली वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. ओंडके चिरायचा आरा परवान्याशिवाय बसवू नका. परवाना असलेल्या गिरणीतून चिरून आणा.

कर्जाचे विचाराल तर ते शेवटी. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, नंतर तारणाशिवाय पहिले कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते, पडताळणी ग्रामपंचायतीतून सुरू होते. योजना हाताने हे काम आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातल्या एकालाच आहे. आपण अनुदानावर जगणारी माणसे नाही, पण आपल्याच करातून आलेली हत्यारे नाकारायचे कारणही नाही. कर्जाचा नियम मात्र एकच ठेवा. सलग तीन महिने स्वतःची मजुरी धरून वहीत शिल्लक दिसली, तरच कर्जाच्या अर्जावर सही. शिल्लक नसताना घेतलेले यंत्र हप्त्यासाठी राबवून घेते.

सगळ्यांनी सुतार व्हा असे आमचे म्हणणे नाही. गावात असे काम एक-दोघांना पुरेल, चौथा आला की भाव पडेल. ज्याला हाताचे काम आवडते, ज्याचा हात स्थिर आहे, त्याने यावे. बाकीच्यांनी एवढेच करावे: मृगाआधी औताची दुरुस्ती गावातच करून घ्यावी, दांडा गावचाच घ्यावा आणि सांगितलेले पैसे रोख द्यावेत.

प्रत्येक गावच्या शाखेला आजपासून दोन कामे. बांधावर वठलेली, पडलेली झाडे किती याची यादी करा. गावात हत्यार धरणारा म्हातारा कोण आहे, त्याला जाऊन भेटा. पुढच्या मेळाव्याला येताना ज्याने काम सुरू केले त्याने वही सोबत आणावी. मंडपात बसून आपण ती वाचू आणि मजुरीचा रकाना भरलेला आहे ना, ते आधी बघू.