मोजावे की वाचावे?



रोग बरा करणाऱ्या वैद्याची कीर्ती गावात आपोआप पसरते. वैद्यकीय संशोधकाचे तसे नाही. ज्या रोग्याचा प्राण त्याच्यामुळे वाचतो, तो रोगी त्याला बहुधा कधी भेटतच नाही. मग त्याच्या कामाची पारख करावी कशी? हा प्रश्न विद्वानांच्या घरचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणू नये. नेमणुका, बढत्या आणि संशोधनाचा पैसा या पारखीवर ठरतो, आणि त्या पैशाचा मोठा भाग तुमच्या-आमच्या करांतून येतो.

आज रूढ झालेली रीत मोजणीची आहे. संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा निर्देश किती वेळा केला, हे पाहावयाचे. ही कल्पना मूळची वकिलांच्या कपाटातली. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे सांगणारे सूचिग्रंथ अमेरिकेतील वकील वापरीत. ते पाहून यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली विज्ञानासाठी तशी सूची सुचवली आणि १९६४ साली ती सुरूही केली. पुढे २००५ साली हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने साऱ्या कर्तृत्वाचा एकच अंक काढण्याची युक्ती दिली. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस निर्देश मिळाले, पण एकवीस निबंधांना एकवीस-एकवीस मिळाले नाहीत, त्याचा अंक वीस.

युक्ती सोपी आहे, आणि सोपी आहे म्हणूनच ती जपून वापरली पाहिजे. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचेच उदाहरण घेऊ. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात ओळखला. पण तो माणसाला मारतो कसा, हे पाऊणशे वर्षे नीट उलगडले नव्हते. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले. तो तुकडा पाण्याने फुगला. मग १९५९ साली त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून टाकलेले द्रव आत सोडले, तरी आतडे तसेच फुगले. जंतू नाही, आणि रोग मात्र आहे! म्हणजे जंतू एक विष बाहेर टाकतो आणि ते विष शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते, हे सिद्ध झाले. हा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून पटकीतील विषाचे कार्य दाखवले.

आणि डे यांच्या निबंधाचे काय झाले? पहिली काही वर्षे त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने त्यांना पटकीवरील परिसंवादाला बोलावले. परंतु त्यांच्या हयातीत भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ साली ते वारले. दुसऱ्याच वर्षी गारफील्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा नकाशा मांडून त्यात डे यांचे स्थान दाखवून दिले. म्हणजे मोजणीने अखेर न्याय दिला, पण तो घ्यायला माणूस उरला नव्हता. १९६५ साली कुणी निर्देश मोजून डे यांची बढती ठरवली असती, तर काय झाले असते याचा विचार आपणच करावा.

आता उलट बाजू पाहा. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये वेकफील्ड यांचा बारा मुलांवरील निबंध आला आणि गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी असल्याची शंका त्याने पसरवली. २०१० साली तो निबंध मागे घेण्यात आला. पण त्याचा निर्देश शेकडो ठिकाणी आहे, आणि त्यांतला बराचसा तो खोडून काढण्यासाठी! मोजणाऱ्याला स्तुती आणि खंडन यांत फरक दिसत नाही. पुंगी कशासाठी वाजली हे न पाहता ती किती वेळा वाजली, एवढेच तो लिहून ठेवतो.

म्हणून मोजणी टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. वशिल्यापेक्षा आकडा केव्हाही बरा. कुणी कुणाच्या खांद्यावर उभा राहिला, हे सूचीवरून कळते. पण सूची हे दार आहे, घर नव्हे. दारावरची पाटी वाचून घराची किंमत ठरवू नये. नियतकालिकाच्या नावावरून माणसाची किंमत करू नका, काम वाचा, असे सांगणारे जाहीरनामेही २०१३ पासून निघाले आहेत. परंतु वाचायला वेळ लागतो आणि मोजायला लागत नाही, ही खरी अडचण आहे.

तेव्हा यापुढे अमक्या संशोधकाला इतके हजार निर्देश मिळाले असे वर्तमानपत्रात दिसले, तर आपण दोन साधे प्रश्न विचारावेत. त्याने कोणती गोष्ट शोधून काढली? आणि ती दुसऱ्या कुणी पडताळून पाहिली का? सशाच्या एका आतड्याने जे सांगितले, ते कुठल्याही अंकात मावणारे नव्हते. ते कुणीतरी बसून वाचावेच लागले.