पोटातलं पाणी आणि चार आठवड्यांचा धीर

मूल सायकलवरून पडलं की आपण आधी त्याचं डोकं पाहतो, हातपाय हलवून पाहतो. हँडल पोटात घुसलं असेल, तरी वरून नुसतं खरचटलेलं दिसतं आणि विषय तिथंच संपतो. पण जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवी पसरलेली स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. जोराचा मार बसला तर ती हँडल आणि कणा यांच्यामध्ये चेंगरते. तिच्यातला पाचकरस झिरपून भोवती साठतो. मार नसतानाही, पित्ताचे खडे, काही औषधं किंवा आनुवंशिक दोष यांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊन असं होऊ शकतं.

मग पोटाच्या वरच्या भागात दुखतं, उलट्या होतात, दोन घासांतच पोट भरतं. सोनोग्राफीत पाणी दिसलं की आईवडील म्हणतात, ‘डॉक्टर, आजच काढून टाका ना!’ त्यांची तगमग मला कळते. तरी माझं उत्तर बहुतेक वेळा ‘थोडं थांबू या’ असंच असतं.

त्याला दोन कारणं आहेत. एक, हे पाणी पुष्कळदा आपोआप जिरतं. दुसरं, साठ्याभोवती पक्की भिंत तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात. त्याआधी छिद्र पाडलं तर रस पोटात पसरण्याची भीती असते. मात्र थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. वेदनाशामक औषधं, योग्य आहार आणि पुन्हा पुन्हा तपासणी चालूच राहते. ताप, कावीळ, वाढतं दुखणं किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्या, तर तडक रुग्णालय गाठावं.

एवढं करूनही त्रास राहिला, तर पाण्याला वाट करून द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी पोट उघडत, किंवा बाहेरून नळी घालत. आता मुलाला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण जठरात नेता येते. तिच्या टोकाशीच सोनोग्राफीची सोय असते. रक्तवाहिन्या चुकवून जठराच्या भिंतीतून सुई साठ्यात घालतात आणि त्या वाटेत स्टेंट बसवतात. रस जठरात उतरतो आणि पुढे आतड्यात जातो. पोटावर टाका पडत नाही. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीतल्या डॉक्टरांनी मुलांवरच्या अशा उपचारांचे अनुभव २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. पण ही दुर्बीण मुळात मोठ्या माणसांच्या मापाची आहे. फार लहान मुलांत ती वापरणं अवघड जातं. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोकाही असतो. म्हणून हे काम अनुभवी डॉक्टरांकडेच करून घ्यावं.

शेवटी एक विनंती. स्टेंट बसला की मूल जेवू लागतं, खेळू लागतं, आणि पुढची तारीख घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. धातूचा स्टेंट साधारण तीन-चार आठवड्यांनी काढावाच लागतो. तो आत राहिला तर रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा ती तारीख घरी गेल्या गेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.